साठीनंतर सोबत शोधताना: बडोद्यात बसून कोणते मोफत डेटिंग ॲप निवडावे?

सूरसागरकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दांडिया बाजार, रावपुरा या आपल्या जुन्या मराठी वस्तीतल्या ज्येष्ठांमध्ये अलीकडे एक प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो. तो उघडपणे चर्चिला जावा म्हणून हा धागा काढत आहे. जोडीदार गेल्यावर किंवा घटस्फोटानंतर, आणि मुले पुण्याला, बंगळूरला नाहीतर परदेशी स्थायिक झाल्यावर, सोबत शोधण्यासाठी फोनवरची मोफत डेटिंग ॲप्स वापरावीत का, आणि वापरायची तर त्यांतले कोणते? मी चौसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे, माझे पती हयात नाहीत, आणि माझे मत असे आहे की ही ॲप्स अवश्य वापरावीत; मात्र त्यांची निवड जाहिरातीवरून न करता, त्यांचे मोफतपण नेमक्या कोणत्या पायरीवर संपते हे पाहून करावी.

जवळजवळ प्रत्येक ॲप उतरवून घेणे आणि त्यावर आपली माहिती भरणे मोफतच असते. खरा फरक त्यानंतर दिसू लागतो. समोरच्या व्यक्तीला पसंती कळवता येते का, दिवसाला किती जणांना कळवता येते, आपल्याला कोणी पसंत केले हे पाहता येते का, आणि दोघांची पसंती जुळल्यावर पैसे न भरता बोलता येते का, या चार गोष्टी पाहाव्यात, आणि त्यांतही शेवटची सर्वांत महत्त्वाची मानावी. टिंडरवर दोघांनी एकमेकांना पसंत केले की बोलणे मोफत सुरू होते. मर्यादा असते ती पसंती कळवण्याच्या संख्येवर. आपल्याला कोणी पसंत केले याची यादी मात्र तेथे पैसे भरणाऱ्यांसाठीच राखून ठेवलेली आहे. हिंजवर दिवसाला मोजक्याच पसंत्या कळवता येतात, पण आपल्याकडे आलेल्या पसंत्या पैसे न भरताही एकेक करून पाहता येतात, आणि नुसत्या फोटोऐवजी काही प्रश्नांची उत्तरे लिहावी लागत असल्यामुळे माणूस कसा आहे याचा थोडा अंदाज येतो. ज्यांना लिहिण्यावाचण्याची आवड आहे त्यांना हे ॲप मानवेल असे मला वाटते. ओकेक्यूपिड तर प्रश्नोत्तरांवरच उभे आहे. मात्र या तिन्ही ॲप्सची मालकी मॅच ग्रुप या एकाच कंपनीकडे आहे, त्यामुळे एकावर पैसे मागण्याची जी पद्धत दिसते तीच थोड्या फरकाने दुसऱ्यावरही आढळते.

बम्बल हे ॲप स्त्रियांनी विशेष विचारात घ्यावे. स्त्री-पुरुषांची जुळणी झाली की तेथे पहिला शब्द स्त्रीने बोलायचा असतो, आणि तो चोवीस तासांत बोलला नाही तर जुळणी मावळते. अलीकडे स्त्रीला आधीच एखादा प्रश्न ठरवून ठेवण्याची सोय झाली आहे, म्हणजे पुरुष त्या प्रश्नाचे उत्तर देऊन बोलणे सुरू करू शकतो. नको असलेल्या पुरुषांचे संदेश आपसूक येऊन पडत नाहीत हा मोठा दिलासा आहे. पण दिवसातून एकदाच चष्मा लावून फोन हाती घेणाऱ्या माझ्यासारखीला हे चोवीस तास फार थोडे वाटतात, हेही सांगायला हवे.

पैसे मागण्याची रीत कशी असते ते एकदा नीट पाहून ठेवा. पडद्यावर एक धूसर केलेला चेहरा येतो. केस पांढरे आहेत की काळे एवढेच कळते, डोळे कळत नाहीत, आणि त्याखाली लिहिलेले असते की या व्यक्तीला तुम्ही आवडला आहात; चेहरा स्पष्ट पाहायचा तर एका आठवड्याचे, एका महिन्याचे किंवा सहा महिन्यांचे शुल्क निवडा. त्यांतला मधला पर्याय बहुधा आधीच ठळक केलेला असतो. संध्याकाळी एकट्या घरात बसलेल्या माणसाला त्या धूसर चेहऱ्याची ओढ किती वाटेल याचा हिशेब करूनच तो पडदा रचलेला आहे. माझा आग्रह असा की पहिला महिनाभर कोणतेही शुल्क भरूच नये. आपल्या वयाची, आपल्या परिसरातली माणसे त्या ॲपवर आहेत की नाहीत हे तेवढ्या काळात मोफत पाहण्यातूनच कळते, आणि ती नसतील तर पैसे भरल्याने निर्माण होणार नाहीत.

बडोद्यापुरते बोलायचे तर हीच मुख्य अडचण आहे. अंतराची मर्यादा पंधरा-वीस किलोमीटर ठेवली की साठीपुढची माणसे फार थोडी दिसतात, म्हणून ती आणंद, अहमदाबाद, भरूच आणि सुरत सामावतील इतकी वाढवावी; रेल्वेने ही सगळी गावे एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. परदेशात पन्नाशीपुढच्यांसाठी अवरटाइम, सिल्व्हरसिंगल्स अशी वेगळी ॲप्स आहेत, आणि इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये तीच पहिल्या क्रमांकावर दिसतात, परंतु त्या याद्या तिकडच्या वाचकांसाठी लिहिलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट मनापासून लिहावीशी वाटते. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, तेव्हा देशभरच्या हिंदू विवाह कायद्याला अजून चोवीस वर्षे अवकाश होता. ज्या गावाने इतक्या लवकर मान्य केले की माणसाला आयुष्याची घडी नव्याने बसवण्याचा अधिकार आहे, त्या गावातल्या साठीच्या स्त्रीने किंवा पुरुषाने सोबत शोधताना चोरट्यासारखे वागावे, हे मला पटत नाही. आपले अनुभव आणि मते अवश्य लिहा.

कारेलीबागकर

ताई, विषय मांडलात हे फार चांगले केलेत. मी सदुसष्ट वर्षांचा आहे, पत्नीला जाऊन काही वर्षे झाली, आणि आपण सांगितलेल्यांपैकी दोन ॲप्स मी वापरतो. आपल्या मांडणीत एक भर घालतो. ॲप निवडण्याआधी आपल्याला काय हवे आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण लग्न हवे असणाऱ्याने डेटिंग ॲपवर जाणे आणि नुसती मैत्री हवी असणाऱ्याने विवाहसंस्थेच्या संकेतस्थळावर जाणे, या दोन्हींत दोघांचाही वेळ वाया जातो आणि एकाचे मन दुखावते. विवाहाच्या संकेतस्थळांवर विधुर, विधवा, घटस्फोटित अशी वर्गवारी करून शोधता येते आणि मराठी कुटुंबे तेथे अधिक भेटतात, हे खरे आहे. परंतु तेथे माहिती भरणे मोफत असले तरी दूरध्वनी क्रमांक पाहण्यासाठी बहुतेक ठिकाणी शुल्क लागते.

माहिती कशी लिहावी याबद्दलही सांगतो. आपल्या वयाचे पुष्कळ पुरुष दहा वर्षांपूर्वीचा, कोणाच्या तरी लग्नातला, गर्दीतून कापून काढलेला फोटो लावतात, आणि माहितीत ‘साधा, सरळ, निर्व्यसनी’ एवढे तीन शब्द लिहून थांबतात. त्यातून कोणाला काय कळणार? मी सयाजीबागेत, म्हणजेच कमाटीबागेत, सकाळच्या उजेडात मित्राकडून फोटो काढून घेतला आणि असे लिहिले: ‘वय सदुसष्ट. विधुर. दोन मुली, दोघी आपापल्या संसारात. रोज पहाटे कमाटीबागेत फिरतो, गुडघा कुरकुरतो म्हणून सावकाश फिरतो. नाट्यसंगीत ऐकतो, स्वयंपाक जेमतेम येतो, शिकण्याची इच्छा आहे. पुन्हा लग्न करण्याचा विचार सध्या नाही. आठवड्यातून दोनदा निवांत गप्पा मारता येतील अशी मैत्रीण हवी आहे.’ हे मराठीत आणि गुजरातीत दोन्ही लिहिले. त्यानंतर येणारे प्रतिसाद संख्येने कमी झाले, पण जे आले ते वाचून आलेले होते. वय कधीही कमी करून लिहू नये. पहिल्या भेटीतच ते उघड होते, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास उरत नाही.

निवृत्त_लेखापाल

मी बँकेत होतो. निवृत्तीनंतरही ओळखीचे लोक पैशांच्या बाबतीत सल्ला विचारायला येतात, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू जवळून पाहिली आहे, आणि ती थोडी विस्ताराने लिहितो.

फसवणूक करणारा माणूस पहिल्या आठवड्यात पैसे मागत नाही. तो सकाळी ‘जेवणाआधीची गोळी घेतलीत का’ असे विचारतो, रात्री शुभरात्री म्हणतो, आणि आपल्या मुलांनीही गेल्या कित्येक महिन्यांत विचारले नसेल इतक्या आस्थेने गुडघ्याची चौकशी करतो. बहुधा तो परदेशात जहाजावर, तेलविहिरीवर किंवा सैन्यात असतो, म्हणजे प्रत्यक्ष भेट टाळण्याचे कारण आधीच तयार असते. ॲपवरचे बोलणे तो लगेच व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर नेऊ पाहतो, कारण ॲपवर तक्रार झाली तर त्याचे खाते बंद होऊ शकते. पुढे दोन वाटा असतात. पहिली भेटवस्तूची: परदेशातून पार्सल पाठवले आहे, ते दिल्लीच्या विमानतळावर सीमाशुल्क विभागाने अडवले आहे, सोडवण्यासाठी अमुक रक्कम अमुक खात्यात भरा. सीमाशुल्क विभाग कोणाच्या वैयक्तिक खात्यात कर भरायला सांगत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी ही वाट तेथेच बंद होते. दुसरी वाट गुंतवणुकीची, आणि ती अधिक घातक. तो स्वतः पैसे मागतच नाही. आपण कसे कमावतो एवढेच दाखवतो आणि एखादे ॲप सुचवतो. त्यावर आपली रक्कम वाढताना दिसते, सुरुवातीला थोडी काढूनही घेता येते, आणि म्हणूनच विश्वास बसतो. मोठी रक्कम भरली की ती काढण्यासाठी आधी कर भरा, मग शुल्क भरा, असे सुरू होते. पडद्यावरचा तो आकडा फक्त आकडा असतो, त्यामागे पैसे नसतात.

माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांच्या बाबतीत तिसराच प्रकार घडला. अनोळखी स्त्रीचा व्हिडिओ कॉल आला, काही क्षणांत पडद्यावर नको ते दृश्य दिसले, त्यांचा चेहरा त्यासह रेकॉर्ड झाला, आणि नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देऊन पैसे मागितले गेले. त्यांनी लाजेपोटी कोणालाही न सांगता दोनदा पैसे भरले. पैसे भरल्याने अशी मागणी थांबत नाही, वाढते. अशा वेळी संभाषण पुसून न टाकता त्याची पडद्यावरची छायाचित्रे (स्क्रीनशॉट) जपून ठेवावीत, आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर शक्य तितक्या लवकर फोन करून बँकेलाही कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवता आली तर परत मिळण्याची शक्यता राहते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

तपासणीचे दोन सोपे उपाय आहेत. समोरच्याचा फोटो गूगल लेन्सवर टाकून तोच चेहरा दुसऱ्या नावाने कोठे दिसतो का ते पाहावे, आणि भेटण्यापूर्वी ठरलेल्या वेळी साधा व्हिडिओ कॉल करावा. हल्ली चेहराही नकली बनवता येतो, म्हणून बोलता बोलता त्यांना मान वळवायला किंवा चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगावे. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही. ॲपवर निळी खूण दिसली तर त्याचा अर्थ फोटो त्या व्यक्तीचा आहे एवढाच घ्यावा. तिची नोकरी, वैवाहिक स्थिती किंवा हेतू कोणी तपासलेला नसतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. आणि कोणाच्याही सांगण्यावरून आपला पडदा दूरवरून दिसू देणारे ॲप फोनमध्ये घेऊ नये.

अकोट्याची_लेक

मी येथे लेकीच्या बाजूने लिहीत आहे. माझी आई एकसष्ट वर्षांची आहे. तिने असे ॲप घेतले आहे हे मला तिच्याकडूनच कळले, आणि तिने विश्वासाने सांगितले म्हणूनच मी शांतपणे ऐकू शकले. सुरुवातीला मलाही भीती वाटली, आणि ती फक्त फसवणुकीची नव्हती. बाबांची जागा कोणी घेईल याचीही होती. ही दुसरी भीती माझी आहे, तिचे ओझे आईवर टाकणे योग्य नाही, हे मनाशी मान्य करायला मला वेळ लागला.

मुलांना एक विनंती करते. आईचा फोन हातात घेऊन तिचे संदेश वाचू नका. तिला सेटिंग्ज लावून द्या, तक्रार कशी करायची आणि नको असलेल्या व्यक्तीला कसे रोखायचे हे दाखवा, आणि फोन परत द्या. टिंडर आणि हिंजवर फोनमधले क्रमांक निवडून ते आधीच रोखता येतात, त्यामुळे त्या क्रमांकांनी खाते उघडलेल्या भाच्यांना, शेजाऱ्यांना किंवा जुन्या विद्यार्थ्यांना आपण दिसत नाही. आईने सर्वांत आधी माझ्या मामांचा क्रमांक रोखला, आणि मगच ती मोकळेपणाने फोटो लावायला तयार झाली. बडोद्यातले मराठी लोक एकमेकांना किती ओळखतात हे पाहता, ही सोय त्या ॲपवर आहे की नाही हे निवडीच्या वेळीच तपासावे, असे मी सुचवेन.

सूरसागरकाठ (धागाकर्ती)

लेकी, तुझा प्रतिसाद वाचून फार बरे वाटले. क्रमांक रोखण्याची सोय मूळ लेखातच यायला हवी इतकी महत्त्वाची आहे. बम्बलवरही भारतात स्त्रियांना पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षर दाखवता येते, आणि त्याचा लाभ जरूर घ्यावा. लेखापाल काका, आपल्या प्रतिसादाची प्रत काढून मी आमच्या भजनी मंडळात वाचून दाखवणार आहे.

रावपुरा_६२

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मला पतीच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पुढे कोणाशी जुळले आणि लग्न केले तर ते बंद होईल का? या एका भीतीने मी ॲपवर माहितीच भरलेली नाही.

फतेहगंज_वकील

ताई, आपली शंका रास्त आहे आणि ती लग्नानंतर विचारण्यापेक्षा आत्ताच विचारलीत हे योग्य केलेत. स्वतःच्या नोकरीचे निवृत्तिवेतन पुनर्विवाहाने थांबत नाही. पतीच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र केंद्र सरकारच्या नियमांनुसार विधवेच्या पुनर्विवाहानंतर सामान्यतः बंद होते. अपत्य नसलेल्या विधवेला, तिचे इतर उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असल्यास, ते पुढे चालू राहू शकते. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५च्या निवृत्तिवेतन योजनेतही विधवेचे वेतन पुनर्विवाहाने थांबते. राज्य सरकार, बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांचे नियम वेगवेगळे असल्यामुळे आपले वेतन जेथून निघते त्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे.

याच कारणामुळे अनेक ज्येष्ठ लग्न न करता एकत्र राहण्याचा पर्याय निवडतात. त्याला कायद्याने मनाई नाही, आणि विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही मिळू शकते. परंतु अशा नात्यातल्या जोडीदाराला वारसा आपोआप मिळत नाही, तर हिंदू वारसा कायद्याखाली विवाहित पत्नी मुलांच्या बरोबरीने वारस ठरते, आणि बहुतेक घरांतल्या मुलांचा विरोध नेमका येथून सुरू होतो. म्हणून नाते पुढे जाणार असे दिसले की दोघांनी आपापले मृत्युपत्र करावे, राहत्या घरात मागे राहणाऱ्या जोडीदाराने किती काळ राहायचे हे त्यात स्पष्ट लिहावे, आणि मुलांना ते सांगावे. बँकेतले नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. नव्या ओळखीच्या भरात घर किंवा ठेवी कोणाच्या नावे करू नयेत. बक्षीसपत्र एकदा नोंदवले की ते रद्द करवून घेणे अतिशय कठीण असते.

रावपुरा_६२

वकीलसाहेब, मनापासून आभार. उद्याच कार्यालयाला पत्र देते.

कारेलीबागकर

ज्यांना ॲप नकोच वाटते त्यांच्यासाठी लिहितो. अहमदाबादेत नटुभाई पटेल यांची ‘विना मूल्य अमूल्य सेवा’ ही संस्था ज्येष्ठांचे परिचय मेळावे घेत आली आहे, आणि पुण्यात माधव दामले यांनी याच कामाला वाहून घेतले. मेळाव्यात माणूस समोर बसलेला दिसतो, बोलतो, चहा पितो. हे समाधान फोन देऊ शकत नाही. माझ्या मते दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू ठेवण्यास काहीच हरकत नाही.

सूरसागरकाठ (धागाकर्ती)

दोन गोष्टी राहिल्या होत्या, त्या लिहिते.

पहिली भेट दिवसाउजेडी आणि वर्दळीच्या ठिकाणी ठेवावी. अलकापुरीतले एखादे उपाहारगृह किंवा सयाजीबागेतला संग्रहालयाजवळचा भाग यासाठी चांगला आहे. आपल्या रिक्षाने जावे आणि आपल्याच रिक्षाने परतावे, कोठे आणि कोणाला भेटणार आहोत हे एका विश्वासू व्यक्तीला सांगून जावे, आणि घराचा पत्ता पहिल्या काही भेटींपर्यंत देऊ नये. समोरच्याने या गोष्टींचा मान राखला की नाही, यावरूनच त्याच्याबद्दल पुष्कळ कळते.

दुसरी गोष्ट ॲप सोडण्याची. फोनवरून ॲप काढून टाकले म्हणजे खाते बंद होत नाही. आपला फोटो आणि माहिती तेथेच राहते आणि ती इतरांना दिसत राहू शकते. त्यासाठी ॲपच्या आत जाऊन खाते मिटवण्याचा पर्याय निवडावा लागतो. शुल्क भरले असेल तर त्याचे स्वयंचलित नूतनीकरण प्ले स्टोअरच्या सदस्यता विभागातून वेगळे रद्द करावे, नाहीतर खाते मिटवल्यावरही पैसे कापले जाऊ शकतात. कोणाला हे जमत नसेल तर येथे विचारा. कोणत्या पडद्यावर काय दिसते आहे तेवढे लिहा, पण स्वतःचा क्रमांक किंवा पासवर्ड लिहू नका. मी रोज संध्याकाळी हा धागा पाहते आणि उत्तर देईन.